टपावरचा ळ

गुरुवारी दुपारी बालवाडीच्या ग्रुपवर यादी आली. कुणाला क, कुणाला ग, कुणाला म. वर्षूच्या नावापुढे ळ होता.

दौलतरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. विजयश्री टीचरनी खाली सूचना दिली होती. प्रत्येक मुलाने आपलं अक्षर पुठ्ठ्यावर मोठं काढायचं, त्यावर डाळी आणि कडधान्यं चिकटवायची. शनिवारी अकरा वाजता सगळ्यांसमोर त्या अक्षरावरून बोट फिरवायचं आणि ते अक्षर असलेला एक शब्द सांगायचा. 'काम मुलांनीच करावे. पालकांनी फक्त मदत करावी.' हे शेवटचं ठळक अक्षरांत होतं, कारण मागच्या वेळी कागदाचा हत्ती करायला सांगितल्यावर एका वडिलांनी ऑफिसातल्या थ्रीडी प्रिंटरवर हत्ती काढून आणला होता.

"आबा, ळ चं काय असतं?" साडेचार वर्षांच्या वर्षूने आजोबांना विचारलं.

"ळ चं..." दौलतराव अडले. "ळ चं काही नसतं. तो दुसऱ्यांच्या घरी राहतो. बाळ, केळं, फळा."

"त्याला स्वतःचं घर नाही?"

"नाही."

"मग त्याला आपल्याकडे ठेवू," वर्षू म्हणाली आणि पुठ्ठा आणायला पळाली.

संध्याकाळी सून नेहा हिंजवडीच्या ऑफिसातून आली. चहा पिऊन झाल्यावर ती खुर्ची ओढून दौलतरावांसमोर बसली. खुर्ची ओढली म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असतं, हे दौलतरावांना माहीत होतं.

"बाबा, रागावू नका. वाकडला माझ्या वाटेवर एक डे-केअर आहे. एक तारखेपासून वर्षूला दुपारची तिथे ठेवावी म्हणते."

"का? मी आहे ना घरी."

"आहात. पण झोपलेले असता. मागच्या महिन्यात तिने टीव्हीचा रिमोट साबणाने धुतला. आणि तुमच्या मिशीचं काय झालं?"

"उन्हाळा म्हणून काढली."

"अर्धी तिने कापली म्हणून उरलेली अर्धी तुम्ही काढलीत. तिने सांगितलं मला."

दौलतराव वर्षूकडे बघायला लागले. वर्षू छताकडे बघायला लागली.

बायकोला, प्रभावतीला जाऊन अकरा महिने झाले होते. सकाळ कशीही जाई. पेपर असे, भाजी असे, खाली पार्किंगमध्ये चार माणसं भेटत. दुपारी मात्र घरात फ्रिजचा आवाज ऐकू येई. बाराला वर्षू बालवाडीतून आली की तो ऐकू येत नसे. डे-केअर म्हणजे पुन्हा फ्रिज.

"एक कर," दौलतराव म्हणाले. "शनिवारचं हे अक्षर आम्ही दोघं करतो. काही सांडणार नाही, फुटणार नाही, कुणाची तक्रार येणार नाही. मग ठरव."

नेहा जरा विचार करून म्हणाली, "तक्रार आली नाही तर डे-केअरचं नाव काढणार नाही."

शुक्रवारी दोघं कामाला लागले. कुठल्या डब्यात काय आहे, हे प्रभावतीला झाकण न उघडता कळायचं. दौलतरावांना सतरा डबे उघडावे लागले. मसूर, मूग, हरभरे आणि न सापडणारी तूर. दोन वाट्या उपड्या ठेवून त्यांनी ळ चे दोन गोल काढले. वर्षूने पेन्सिल उगारली आणि पुठ्ठ्याला भोकं पाडायला सुरुवात केली.

"अगं, भोकं कशाला?"

"अक्षराला भोकं असतात. मागच्या आठवड्यात टीचरने भोकातून नाडी ओवायला दिली होती."

"आता नाडी नाही, डाळ आहे."

"असू दे. भोकं पाहिजेत."

काम मुलांनीच करावे, असं लिहिलेलं होतं. दौलतरावांनी भोकं पाडू दिली. चांगली तीसेक झाली.

मग डिंक लावून डाळी चिकटवल्या. एका गोलात मसूर, एकात मूग, मधल्या दांडीवर हरभरे. तासाभराने दौलतरावांनी पुठ्ठा उभा धरला, तसा ळ सगळाच्या सगळा फरशीवर आला. आवाज ऐकून वर्षू खूश झाली. तिने पुन्हा करायला सांगितलं.

दौलतराव चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत तीस वर्षं पेंटशॉपला होते. हातातून निघालेली गोष्ट अशी गळून पडलेली त्यांना चालण्यासारखी नव्हती. त्यांनी ज्योतीरामला फोन लावला. ज्योतीराम अजून त्याच कंपनीत होता, गाडीला पुढची काच बसवायच्या लाइनवर. शिफ्ट सुटल्यावर तो घरी आला आणि काळ्या डिंकाची अर्धी नळी टेबलावर ठेवली.

"तारीख गेलेली हाय, फेकायलाच चालली व्हती. पर जपून वापरा, दौलतभाऊ. गाडी तीन पलट्या खाऊ दे, काच न्हाई हलायची."

"मसूर हलेल का?"

"मसूर?" ज्योतीरामने टेबलावरच्या वाट्यांकडे पाहिलं. "तुमी नेमकं काय बनवताय?"

"ळ."

ज्योतीरामने एक मसूर उचलून उजेडात धरला. मग म्हणाला, "बरं हाय. रिटायर झाल्यावर माणसाला कायतरी लागतंच. रातभर तसंच ठेवा, घाई करू नका."

डिंक खरोखरच जबर होता. एकेक मसूर जागेवर बसला तो बसला. एक हरभरा मात्र दांडीवर न बसता दौलतरावांच्या उजव्या अंगठ्यावर बसला. पाणी, साबण, गोडेतेल, रॉकेल, सगळं झालं. हरभरा हलला नाही. दौलतरावांना आतून बरंच वाटलं. माल चांगला होता.

शनिवारी सकाळी नऊला त्यांनी ळ वर बोट टेकवून पाहिलं. बोट चिकटलं. म्हणजे आत अजून ओलं होतं. अकराला वर्षू त्यावरून बोट फिरवणार होती आणि बाकीची पंधरा पोरंही हात लावल्याशिवाय राहणार नव्हती. सोळा पोरं आणि एक ळ एकमेकांना चिकटलेले त्यांच्या डोळ्यांसमोर आले.

पेंटशॉपमध्ये एक गोष्ट त्यांच्या अंगात मुरली होती. काहीही लावलं की ते भट्टीतून काढायचं. भट्टीशिवाय पक्कं काही होत नाही. घरात भट्टी नव्हती. पण खाली पार्किंगमध्ये होती. पार्किंगच्या पत्र्याचं काम निघाल्यामुळे सगळ्या गाड्या उन्हात होत्या आणि त्यांत बबनरावांची तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली काळी गाडी होती. बबनराव सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटी उभी होती ती जमीनही एकेकाळी त्यांचीच. गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

दौलतरावांनी टपाला हात लावून बघितला आणि समाधानाने मान हलवली. साठ डिग्री तरी असेल. टप उंच, पोरांचा हात पोचणार नाही. त्यांनी ळ अलगद टपावर ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून चारी बाजूंनी नीट दाबलाही.

पुठ्ठ्याला तीस भोकं आहेत, हे त्यांच्या लक्षात होतं. ओला डिंक दाबल्यावर भोकातून खाली जातो, हे लक्षात यायला अजून अर्धा तास होता.

पावणेदहाला गॅलरीत उभं राहून ते वर्षूकडून शब्द घोकून घेत होते.

"सांग, ळ असलेला शब्द?"

"कमळ."

"शाब्बास. पुन्हा."

"कमळ. आबा, आपला ळ चालला."

दौलतरावांनी खाली पाहिलं. चौथ्या मजल्यावरून टप स्वच्छ दिसत होता. काळ्या टपावर लाल-हिरवा ळ. फारच सुबक. तो वळण घेऊन गेटमधून बाहेर पडला आणि इंडिकेटर देत उजवीकडे गेला.

आत नेहा साडीला इस्त्री करत होती. दौलतरावांनी हेल्मेट घातलं, वर्षूलाही घातलं.

"आम्ही जरा पुढे होतो," ते दारातून म्हणाले. "तू अकराला ये."

"आणि ळ?"

"ळ पुढे गेलाय," दौलतराव म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

स्कूटर सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं गेली. चौकात आल्यावर त्यांनी कडेला थांबून फोन लावला. बबनरावांना नव्या गाडीतला स्पीकरचा फोन फार आवडायचा. त्यांनी लगेच उचलला.

"बोला दौलतराव! आमी हिंजवडीपुढं माणला चाललोय. आमच्या पोरासाठी, दिग्विजयसाठी मुलगी बघायला. वाकडच्या सिग्नलला पोचतोय आता."

"बबनराव, गाडी थांबवा. तुमच्या टपावर ळ आहे."

"कोण हाय?"

"ळ. बाळातला ळ."

मागून त्यांच्या बायकोचा, विमलबाईंचा आवाज आला. "तरी मी मघापासून सांगतीय, वर कायतरी टकटक करतंय! तुमी म्हनता नवी गाडी हाय, आवाज करायचीच!"

वीस मिनिटांनी दौलतराव वाकडला पोचले. सिग्नलपुढे कडेला बबनरावांची गाडी उभी होती. टपावर दोन कबुतरं मसूर टोचत होती. मसूर निघत नव्हता, पण कबुतरंही हटत नव्हती. शेजारी मुलगी बघायला निघालेले पांढऱ्या कपड्यांतले बबनराव उभे होते आणि त्यांच्यासमोर ट्रॅफिक हवालदार.

"गाडीवर निवडणुकीचं चिन्ह लावायची परवानगी आहे का?" हवालदार विचारत होता.

"चिन्ह न्हाई ओ ते!"

"मग काय आहे?"

बबनरावांनी दौलतरावांना येताना पाहिलं आणि बोट केलं. "ह्यांना विचारा! ह्यांचं हाय!"

"बालवाडीचं अक्षर आहे, साहेब," दौलतराव म्हणाले. "वाळत घातलं होतं."

"गाडीवर?"

"गरम असते म्हणून."

हवालदाराने दौलतरावांच्या अंगठ्यावरच्या हरभऱ्याकडे पाहिलं, मग वर्षूकडे, आणि वही खिशात ठेवून दिली. हा मामला त्याच्या वहीत बसणारा नव्हता.

बबनरावांनी बाह्या सरसावल्या आणि ळ ला हात घातला.

"ओढू नका!" दौलतराव ओरडले. "रंग निघेल! पत्रा दिसेल!"

बबनरावांनी विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला. "निघल म्हणजे? मंग हे काढायचं कसं?"

"तार घालून कापावं लागेल. काच काढतात तसं. दोन माणसं, दोन बाजूंनी. संध्याकाळी ज्योतीरामला बोलावतो. तोपर्यंत राहू दे."

"राहू दे? आमी पाहुण्यांच्या दारात ळ घिऊन जाऊ? लोक काय म्हनतील?"

तेवढ्यात बाजूने जाणारा एक मोटारसायकलवाला थांबला. त्याने टप पाहिला, पांढरे कपडे पाहिले, आणि एकदम अदबीने नमस्कार केला. "नमस्कार, भाऊ! यंदा कुठल्या वॉर्डातून?"

"अं?" बबनराव म्हणाले.

"आपली गल्ली पाठीशी आहे, भाऊ. फक्त ड्रेनेजचं तेवढं बघा." तो निघून गेला.

मागून एका रिक्षावाल्याने हात उंचावला. बबनरावांचाही हात आपोआप वर गेला. दोन वेळा नगरसेवकाच्या तिकिटासाठी त्यांनी खेटे घातले होते आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्याला मिळालं होतं. आजवर अनोळखी माणसाने त्यांना रस्त्यात असा नमस्कार केला नव्हता. त्यांनी कुर्त्याची इस्त्री सारखी केली आणि गाडीपासून दोन पावलं मागे जाऊन ळ कडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"दिसतोय बरा," ते म्हणाले.

आता वर्षूने तोंड उघडलं आणि सिग्नलचा आवाज ऐकू येईनासा झाला. "माझा ळ! सगळ्यांची अक्षरं येणार! माझाच ळ नाही!"

"अवं, लेकरू रडतंय," विमलबाई काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाल्या. "वळवा गाडी. पाहुणं कुठं पळून चाललेत व्हय?"

"तू मला सांगू नको काय करायचं ते," बबनराव म्हणाले आणि गाडी वळवायला बसले.

अकराला पाच मिनिटं कमी असताना कासारवाडीच्या बालवाडीसमोर काळी गाडी येऊन थांबली. मागे स्कूटर, आणि स्कूटरच्या मागे वाटेत जमा झालेली चार कबुतरं. आत पंधरा मुलं आपापले पुठ्ठे घेऊन बसली होती. पालक मागे उभे होते. नेहाही त्यांत होती. विजयश्री टीचर दारात आल्या.

"वर्षालीचं अक्षर?"

"आलंय," दौलतराव म्हणाले. "पण आत येणार नाही. तुम्हाला बाहेर यावं लागेल."

टीचरनी गाडीकडे पाहिलं, टपाकडे पाहिलं आणि बालवाडीत वीस वर्षं काढलेल्या बाईप्रमाणे एकही प्रश्न न विचारता मुलांकडे वळल्या. "चला, रांग करा. ळ बघायला जायचंय."

टप तापलेला होता. विमलबाईंनी वाटेसाठी घेतलेली पाण्याची बाटली टपावर ओतली, तेव्हा कुठे हात लावता आला. मग वर्षूला उचलायचा प्रश्न आला. दौलतरावांची कंबर धरलेली होती. त्यांनी बबनरावांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय?" बबनराव म्हणाले आणि वर्षूला खांद्यावर घेतलं.

वर्षूने पहिल्या गोलावरून बोट फिरवलं, मग दांडीवरून, मग दुसऱ्या गोलावरून. एकही दाणा हलला नाही. दौलतरावांनी श्वास सोडला.

"छान!" टीचर म्हणाल्या. "आता ळ असलेला एक शब्द सांग बरं."

वर्षूने वरून सगळीकडे पाहिलं. खाली पंधरा मुलं, रस्त्यात थांबलेल्या दोन रिक्षा, भिजलेले बबनराव, कबुतरं. कमळ कुठेच नव्हतं.

"गोंधळ," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी विमलबाईंची होती.

पण मुलांचं तेवढ्यावर भागेना. प्रत्येकाला वर जाऊन ळ ला हात लावायचा होता. बबनरावांनी एकेक करून पंधरा पोरं उचलली. दहाव्या पोराने उतरताना आपला म त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, "काका, हा पण गाडीवर लावा." मागची सगळी तेच ओरडायला लागली. कुणी ग दारावर टेकवून पाहत होतं, कुणी क डिकीवर. त्यातच बबनरावांचा फोन वाजला. माणहून मुलीचे वडील विचारत होते, कुठवर आलात.

"आलोच," बबनराव दम खात म्हणाले. कडेवर अकरावं पोर होतं. "बालवाडीचा कार्यक्रम हाय. मला बोलावलंय. पोरांना सोडून कसं येणार?"

पलीकडून आदराने 'सावकाश या' असं उत्तर आलं.

गर्दीतून वाट काढत नेहा दौलतरावांजवळ आली. त्यांनी तिला 'सगळं ठीक' अशी अंगठ्याने खूण केली. तिथेच चूक झाली.

"बाबा, अंगठ्याला काय आहे?"

"हरभरा."

"कसा बसलाय?"

"पक्का."

नेहाने गाडीकडे पाहिलं. मग सावकाश, एका दमात न विचारता, एकेक गोष्ट विचारून घेतली. कुणाची गाडी. कधी ठेवलात. का. दौलतरावांनी सगळं सांगितलं. काच बसवायच्या डिंकाचंही सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता, ळ दुरूनही दिसत होता. शेवटी तेच म्हणाले, "सांडलं काही नाही. फुटलं काही नाही. पण बबनराव तक्रार करणारच. ठरल्याप्रमाणे तू डे-केअरला सांग."

नेहा बबनरावांकडे गेली. "काका, माफ करा. गाडीचं जे काही असेल ते आम्ही करून देऊ. तुमची जी तक्रार असेल ती लेखी द्या."

"तक्रार?" बबनरावांनी तेरावं पोर खाली ठेवलं. "कसली तक्रार?" त्यांनी दौलतरावांकडे पाहून आवाज खाली आणला. "राव, त्या ज्योतीरामला आज बोलवू नका. सोमवारी काढू. आज-उद्या गाडी जरा फिरवून आणतो. आकुर्डी, चिंचवड, तिकडून."

संध्याकाळी घरी आल्यावर नेहाने खुर्ची ओढली. दौलतराव समोर बसले. वर्षू दोघांच्या मधे जमिनीवर बसून बिस्किट खात होती.

"डे-केअरला फोन केला मी," नेहा म्हणाली. "नको म्हणून सांगितलं."

दौलतरावांनी मान डोलावली.

"थांबा, पुढे ऐका. वर्षूने काय केलं? रिमोट धुतला, मिशी कापली. ती लहान आहे. तुम्ही सेक्रेटरीच्या कोऱ्या गाडीला ळ चिकटवलात. मी सगळीकडून विचार केला. लक्ष ठेवायची गरज तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे. तर दुपारी बारा ते सात कुणीतरी तुमच्याजवळ पाहिजे." ती खाली वाकली. "वर्षू, आबांकडे बघशील ना?"

वर्षूने बिस्किट संपवलं, हात फ्रॉकला पुसले आणि गंभीरपणे "हो" म्हणाली.

सोमवारी दुपारी दौलतराव चपला घालून दाराशी गेले. मागून आवाज आला.

"आबा, कुठे चाललास?"

"खाली. बबनरावांच्या गाडीचा ळ काढायचा आहे. ज्योतीराम आलाय तार घेऊन."

"मम्माने सांगितलंय, तुला एकटं सोडायचं नाही."

"पाच मिनिटांत येतो."

"नाही. थांब तिथेच."

दौलतराव दारात थांबले. वर्षू चपला शोधायला गेली, तिला एकच सापडली, मग दुसरी सापडली, ती तिने चुकीच्या पायात घातली, काढली, पुन्हा त्याच पायात घातली. खालून ज्योतीराम हाका मारत होता. दौलतरावांनी त्याला गॅलरीतून सांगितलं, "जरा दम धर. मला अजून परवानगी मिळालेली नाही."